गालावरची पेन्सिल

३ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून तू म्हणाली असशील, आता हिला काय हवंय. काही नकोय. मी एक क्लास लावलाय आणि ते कोणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगण्याजोगं माणूस शोधत शोधत शेवटी तुझ्यापाशी येऊन थांबले, यावरून माझ्या गोतावळ्याची कल्पना कर.

फोटो एडिटिंगचा क्लास. हसून घे. घरच्या टीव्हीचा आवाज कमी करायला जिला शेजारीण लागते ती मी, आठवड्यातून तीन दुपारी औषधांच्या दुकानावरच्या एका खोलीत कॉम्प्युटरसमोर बसते. छापखान्यातलं माझं प्रुफं तपासायचं काम अजून कागदावर, लाल पेनानंच चालतं. पण मालक म्हणतात, पुढे चित्रंही पडद्यावरच तपासावी लागतील. म्हणून शिकतेय.

शिकवणाऱ्या मॅडम माझ्या निम्म्या वयाच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काकू, माउस इतका घट्ट धरू नका, पळून नाही जाणार तो."

"काकू नका म्हणू," मी म्हणाले.

"बरं. आजी म्हणू?"

सगळा वर्ग हसला. शेजारी एक केकवाल्या बाई बसतात. घरी केक करून विकतात, आणि आहे त्यापेक्षा केक उंच दिसावा एवढ्यासाठी त्या इथे आल्यात. त्या माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हो. मला ती मावशी म्हणते, आणि मी तिच्या आईपेक्षा लहान आहे."

पहिला धडा लेयरचा. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा असं मी समजून घेतलंय. एका काचेवर फोटो, दुसऱ्या काचेवर आपलं काम. मी एका फोटोत निळं आकाश रंगवायला घेतलं. कितीही रंगवलं तरी पडद्यावर काही उमटेना. मी आणखी जोर लावला, जसा काही जोर लावल्यानं माउसमधून रंग जास्त येणार होता. शेवटी मॅडम आल्या. माझी काच फोटोच्या खाली गेली होती. त्यांनी फोटो बाजूला सरकवला, तर खाली सगळं होतं. मी गिरवलेलं सगळं, फराटा न् फराटा.

"काकू, तुमचं काम कुठे गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "फक्त झाकलं गेलं होतं."

आई बरी आहे. हल्ली येता-जाता माझ्या गालावरून हात फिरवते. लहानपणी कधी फिरवला नाही तो आता.

तुझी धाकटी


१५ फेब्रुवारी

ताई,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. छापखान्यात मला कोणी काही शिकायला सांगितलेलं नाही. आणि आई बरी नाही. पत्र टाकून आल्यावर दोन्ही गोष्टी डायरीत लिहून ठेवल्या, आणि मग वाटलं, डायरीला खरं आणि बहिणीला खोटं, हे कसलं वागणं.

आई विसरते. आधी किल्ल्या, मग वार, मग बाबा गेलेत हे. (बाबांच्या वेळी तुला कळवलं होतं. तू आली नाहीस. ते मी इथे काढत नाही.) आता ती मला विसरायला लागलीय. मी कोणीतरी बरी बाई आहे, वेळेवर चहा देते, एवढं तिला समजतं. तुला मात्र विसरलेली नाही. सकाळी उठली की पहिला प्रश्न, "माझी ती खुणेची पोर कुठंय?"

तुला या शब्दाचा राग येईल का, याचा मी बराच वेळ विचार केला. डोळ्याखालून हनुवटीपर्यंत उतरलेल्या तुझ्या त्या काळपट-तांबड्या खुणेला आपल्याकडे तीन नावं होती. आई 'खूण' म्हणायची. बाबा 'डाग' म्हणायचे. आणि शाळेतली पोरं 'नकाशा' म्हणायची, तुला हाकही तीच मारायची. त्यातल्या त्यात आईचा शब्द बरा, म्हणून तोच वापरते.

अडचण फोटोंची आहे. पुढच्या खोलीत बाबांचा स्टुडिओ असल्यामुळे आपल्या घराइतके फोटो कोणाकडेच नव्हते. तुझे किती आहेत! वाढदिवसाचे, सहलीचे, नव्या फ्रॉकमधले. आणि एकातही ती खूण नाही. बाबांचा हात इतका सफाईदार होता की तुझा गाल बघून कोणाला शंकाही येऊ नये. आई आता त्या फोटोंपुढे उभी राहते.

"ही कोण?"

"ताई. तुझी मोठी."

"नाही. ही ती नव्हे. ही मागाहून आली."

"कुठून आली?"

"मला काय विचारतेस? तिची जागा रिकामी दिसली, आली आणि बसली. कपडेसुद्धा तिचेच घातलेत बघ."

आधी मला हसू यायचं. आता येत नाही. ती त्या भिंतीकडे पाठ करून जेवत नाही. त्या खोलीत झोपत नाही. एका फोटोची फ्रेम उघडून तिनं नखानं गाल खरवडला, पार कागद निघेपर्यंत. खाली खूण असेल म्हणून. दिवसा तिला सांभाळायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काढून टाका ना बाई हे फोटो. मलाही आता त्या मुलीकडे बघवत नाही." काढले. भिंतीवर फिके चौकोन राहिले. आईनं त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि हळूच मला म्हणाली, "उतरली वाटतं. आता घरात फिरत असेल."

डॉक्टर म्हणतात, ओळखीचे चेहरे सतत डोळ्यांपुढे ठेवा, त्यानं माणूस शांत राहतं. त्यांना काय सांगू?

तुझा एक फोटो पाठव, ताई. कसलाही, कुठलाही, आत्ताचा. आहेस तशी. तोवर मी क्लासला जातेय ती ह्यासाठीच. बाबांनी जे काढलं ते मला परत घालायला शिकायचंय.

तुझी धाकटी


२ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. पत्र परत आलं नाही म्हणजे पोचलं, असं मी धरते.

मागचं पत्र टाकलं त्याच आठवड्यात क्लासमध्ये सगळ्यांच्या आवडीचा धडा झाला. डाग काढायचा ब्रश. "ह्याचं नावच हीलिंग ब्रश," मॅडम म्हणाल्या. "मुरूम, तीळ, सुरकुत्या, नुसता वरून फिरवायचा. बाजूची चांगली कातडी उचलून तिथे बसवतो." केकवाल्या बाईंनी एका केकची भेग बुजवली आणि टाळी वाजवली. मग त्यांनी स्वतःच्या फोटोतले डोळ्यांखालचे काळे घेर काढले. "माझी बहीण दिसते हो ही," म्हणाल्या. "मला बहीण नाही, तरी."

मी विचारलं, "मॅडम, काढलेलं परत आणायचं असेल तर?"

"कंट्रोल झेड."

"दुसऱ्याच कोणी काढलं असेल तर? फार पूर्वी, हातानं?"

त्यांनी पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. "मग मूळचं कुठेतरी असावं लागतं, काकू. नसेल तर रंगवायचं."

मी रंगवायला बसले. तुझा तो कॉलेजचा बिल्ला लावलेला, सरळ समोर बघणारा फोटो स्कॅन केला. गाल मोठा करून बघितला. मोठा, आणखी मोठा. ताई, त्या गालावर काहीच नाही. बाकी चेहऱ्यावर बारीक छिद्रं आहेत, लव आहे, ओठांपाशी कोरडी साल आहे. एवढ्या जागेत मात्र कातडीच नाही, नुसता उजेड आहे. मी चटकन फोटो लहान केला. कोणी मागे उभं आहे का ते बघितलं. केकवाल्या बाई होत्या फक्त, त्याही पाठमोऱ्या.

आणि मग माझा हात थांबला. डावा गाल की उजवा?

हे लिहिताना मला अजून विश्वास बसत नाही. आपण एका ताटात जेवलो, एका पांघरुणात झोपलो. डोळे मिटले की तुझी खूण मला दिसते, तिची खालची कड फाटलेल्या कागदासारखी होती तेसुद्धा दिसतं. पण ती कुठल्या बाजूला होती ते दिसत नाही. कधी इकडे असते, कधी तिकडे. तू घर सोडलंस तेव्हा मी बारा वर्षांची होते, एवढं लहान काही मूल नव्हतं. नंतर इतकी वर्षं मी रोज ते फोटोच बघत आले, आणि आठवणीतल्या तुझ्यावरही बहुतेक बाबांचा हात फिरला.

पंधरवड्यापूर्वी तुला विचारलं असतं तर चाललं असतं. आता विचारायची लाज वाटते, पण विचारते. कुठला गाल?

मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. उजवा धरला आणि रंगवला. चार दुपारी लागल्या. मॅडम म्हणाल्या, छान झालंय, खरं वाटतं. छापून घरी नेला आणि आईच्या हातात दिला.

तिनं तो जवळ धरला, लांब धरला. मग तिच्या तोंडावर जी भीती आली ती मी आधी कधी बघितली नव्हती.

"बघितलंस?" ती म्हणाली. "आता रंग लावून आली. तिच्यासारखं दिसायला."

तुझी धाकटी


१४ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ, पण तुझं अक्षर बघून बरं वाटलं. 'त्या घरात माझे ढीगभर फोटो आहेत, त्यातलाच एखादा दाखव.'

टोमणा पोचला. तो मलाच होता की बाबांना, हे ठरवत बसले नाही.

कार्डात तू जे लिहिलं नाहीस तेही मला माहीत आहे. परीक्षेच्या हॉलबाहेर त्या पर्यवेक्षकानं प्रवेशपत्रावरचा फोटो तुझ्या तोंडाशेजारी धरला आणि "ही तुम्ही नव्हे" म्हणाला. सगळ्या मुली आत जाऊन बसल्या, तू बाहेर. बाबांना बोलावून आणावं लागलं, ही आपलीच मुलगी आहे हे सांगायला. घरी येऊन तू रडली नाहीस. तू म्हणालीस, "बाबा, माझा एक फोटो काढा. आहे तसा. हात लावायचा नाही." आणि त्यांनी काढला. बिल्ला लावून, समोर दिवा ठेवून, कधी नव्हे ते एक शब्द न बोलता. दोन दिवसांनी प्रिंट आणून टेबलावर ठेवला. गाल स्वच्छ.

आई त्यांच्यावर ओरडली ते मला आठवतं. ते म्हणाले, "अगं, नव्हतो करणार. बसलो आणि हात थांबला नाही."

त्याच फोटोवर मी उजवीकडे रंग लावला. तुझ्याकडे माझ्याबद्दल काय शब्द असेल तो मी मुकाट्यानं घेईन.

पण हे ऐक. परवा मावशींचा डोळा चुकवून आई बाहेर गेली. बसथांब्यावर सापडली. रांगेतल्या मुलींच्या गालांवर हात लावून बघत होती, एकीमागून एक. कोणी हसत होतं, कोणी तिचा हात झिडकारत होतं. मी धावत गेले तर माझ्याही गालावर हात ठेवला, अंगठ्यानं चाचपून बघितलं, आणि म्हणाली, "तुझ्याही नाही. माझी चुकली वाटतं इथे."

रस्त्याच्या कडेला होती ती, ताई. गाड्या जात होत्या. पुढच्या वेळी मी पोचेन की नाही, मला माहीत नाही.

फोटो नको पाठवूस. नुसतं लिही, डावा की उजवा.

तुझी धाकटी


२९ मार्च

ताई,

आता लिहायची गरज नाही. मला कळलं. कसं कळलं ते सांगते, आणि मधे मी काय करून बसले तेही.

तुझ्या त्या फोटोचा प्रिंटही मधे आईच्या नखानं खराब झाला. म्हणून मी निगेटिव्ह शोधायला स्टुडिओत गेले. बाबा गेल्यापासून ते शटर मी फारसं उघडलेलं नाही. बाबांचं रिटचिंगचं टेबल तसंच आहे. उतरती काच, खाली दिवा, बाजूला सुईसारख्या टोकाच्या पेन्सिली. भर दुपार होती, तरी आत शिरताना मी "येऊ का?" म्हणाले. कोणाला म्हणाले ते विचारू नकोस.

निगेटिव्ह मिळाली. पोस्टकार्डाएवढी, बुरशीचे ठिपके पडलेली. माझ्या चष्म्याच्या काचा पुसायचं औषध कापसावर घेऊन मी ती अलगद पुसली. कापूस राखाडी झाला. केवढी धूळ, असं मनात म्हणत मी ती क्लासला नेली, स्कॅन केली, उलटी सुलटी करून काळ्याचं पांढरं केलं. ते आता मला न विचारता जमतं.

डोळ्याखाली एक काळपट डाग आला होता. वाटलं, पुसताना ओल राहिली. मी डाग काढायचा ब्रश घेतला आणि तीन-चार वेळा फिरवून तो काढून टाकला. मॅडम मागे उभ्या होत्या. "वा काकू! आता हात बसला तुमचा." मला इतका आनंद झाला. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा शाबासकी मिळाली होती. फाइल सेव्ह केली, बंद केली, पर्स आवरायला लागले.

पर्समध्ये तो कापूस होता. खिडकीतलं ऊन त्याच्यावर पडलं आणि तो चमकला.

ताई, धूळ चमकत नाही. शिसं चमकतं. पेन्सिलचं शिसं.

माझ्या अंगठ्यावरही होतं. मी तिथेच, जिन्याच्या तोंडाशी बसले. बाबा काय करायचे ते आपण दोघींनी शेकडो वेळा बघितलंय. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. तुझी खूण तिथे काळी नसते, पारदर्शक असते, रिकाम्या खिडकीसारखी. ती खिडकी ते पेन्सिलनं बारीक बारीक भरत बसायचे, म्हणजे कागदावर तेवढी जागा उजळ यायची. त्यांनी तुझी खूण कधी पुसली नव्हती. पुसता येतच नव्हती. फक्त झाकली होती. मी काढला तो डाग नव्हता. तो तुझा गाल होता, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा वर आलेला, आणि मी बाबांपेक्षाही पटकन काढून टाकला. बाबांना निदान दोन दिवस लागले होते.

कंट्रोल झेड फाइल बंद केल्यावर चालत नाही. ते मी करून बघितलं. पण निगेटिव्ह होती.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्याच टेबलावर बसले. दिवा लावला. आदल्या दिवशी क्लासमधून निघण्याआधी उरलेल्या पेन्सिलीसकट आणखी एक स्कॅन करून ठेवला होता; आपण कोणाचं काम नाहीसं करतोय हे निदान माहीत असावं म्हणून. पडद्यावर मोठा करून बघितलं होतं तेव्हा त्यांचे फटकारे दिसले होते. स्वल्पविरामांसारखे, हजारो, एकमेकांना न लागणारे. प्रुफं वाचून माझे डोळे गेले, पण इतकं काळजीनं केलेलं काम मी बघितलेलं नाही. त्यात माया होती की लाज, हे मला ओळखता आलं नाही. मी बराच वेळ बघितलं. दोन्ही असेल तर ती वेगळी कशी काढायची, ह्याला कुठला ब्रश मला माहीत नाही.

मग कापूस घेतला. तुला विचारायला हवं होतं का? त्यांना? पुसताना सारखं वाटत होतं की मागून आता कोणी म्हणेल, "हळू." खोलीत बाबांच्या कामाच्या वेळी यायचा तसा टर्पेंटाइनचा वास येत होता, आणि मी टर्पेंटाइन वापरलंच नव्हतं. कोणी काही म्हणालं नाही. थोडं थोडं करत सगळं शिसं निघालं.

क्लासला जाऊन नवा स्कॅन केला. बिल्ल्यावरची अक्षरं सरळ वाचता येत होती, म्हणजे फोटो उलटा नव्हता. डावा गाल, ताई. आणि मला एकदम कळलं की हे घरात रोज कोणीतरी मला सांगत होतं. आई माझ्या गालावरून हात फिरवते तो नेहमी उजवा हात असतो आणि समोरून येतो. माझ्या डाव्या गालावर येतो. बसथांब्यावरही तिनं सगळ्या मुलींचा डावाच गाल चाचपला होता. ती माया करत नव्हती. शोधत होती. तिच्या हाताला सगळं आठवत होतं आणि मी तुला पत्रं लिहून विचारत होते.

पडद्यावर तू होतीस. कड फाटलेल्या कागदासारखी, तशीच. तू रागानं बघत असशील असं मला उगीच वाटायचं. राग नाहीये. वाट बघितल्यासारखं बघते आहेस.

मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "ह्या कोण?"

"माझी बहीण."

"काही करायचंय का ह्याच्यात?"

"काही नाही."

"मग काकू, इतके दिवस काय शिकलात?" त्या म्हणाल्या, पण हसत नव्हत्या. स्वतः प्रिंटर लावून दिला.

मी धूळसुद्धा काढलेली नाही.

तुझी धाकटी


८ एप्रिल

ताई,

सोबत एक प्रत पाठवतेय. तू मागितला होतास तो फोटो. आहे तसा. उशीर झालाय, ते मला माहीत आहे.

आईला कसा दाखवला ते सांगायचं राहिलं, आणि मी दोनदा हे पत्र लिहायला बसून उठले. आता सरळ लिहून टाकते.

सकाळची वेळ होती, ती खिडकीपाशी खुर्चीत होती. मावशी तिची वेणी घालत होत्या. मी फोटो हातात दिला आणि जरा मागे सरले, कारण मागच्या वेळची भीती मला आठवत होती. तिनं बघितलं. उजवा हात उचलला आणि तुझ्या गालावर ठेवला. सगळा तळवा.

"आलीस?" म्हणाली. "वेणी कोण घालतं गं तुझी तिकडे?"

मावशींच्या हातातला कंगवा तसाच राहिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या आलं नाही. मी एखादं काम तपासून पुरं केल्यासारखी उभी होते.

त्या दिवसापासून ती जेवते. त्या खोलीत झोपते. बाहेर जात नाही, कशाला जाईल? बाकीचे फोटो मी परत लावलेले नाहीत, पण तिनं परवा आपणहून भिंतीवरच्या फिक्या चौकोनांकडे बघून सांगितलं, "ती गेली. हिला बघून गेली." डॉक्टर म्हणाले, फारच सुधारणा आहे. मी हो म्हणाले. सुधारणा आहेच. मला हवं होतं तेच झालं, हे मी डायरीत स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलंय, पुढे कधी मी दुसरं काही म्हणायला लागले तर.

दुसरं काही हे असं आहे.

त्याच सकाळी, फोटो मांडीवर घेऊन बसल्यावर थोड्या वेळानं तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून तुला विचारलं, अगदी हळू आवाजात, पाहुण्यांसमोर विचारतात तसं, "ही कोण आलीय तुझ्याबरोबर?"

ती थांबली. कान देऊन ऐकलं. मान हलवली.

मला राहवलं नाही. "काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणते, मी नाही ओळखत," आई म्हणाली. माझ्याकडे बघून हसली, कोणाला वाईट वाटू नये म्हणून हसतात तसं. "पण तुम्ही बसा ना. उभ्या का?"

तुम्ही, ताई.

तेव्हापासून ती मला अहो-जाहो करते. चहा दिला की "कशाला त्रास घेतलात" म्हणते. मावशींना म्हणाली, "बाई चांगल्या आहेत, पण टक लावून बघतात." माझ्या गालावरून आता हात फिरवत नाही. शोधायचं होतं ते सापडलं. आंघोळ करून आल्यावर आरशासमोर मी कधी कधी स्वतःच डाव्या गालावर हात ठेवते, आणि तिथे काही नाही हे मला नव्यानं कळतं.

मी तिला दहा वेळा सांगितलंय, मी धाकटी. ती मान हलवते आणि तुझ्याकडे बघते, हे खरं का म्हणून. तू काही बोलत नाहीस. फोटो आहेस तू, कशी बोलशील, हे मला कळतं. तरी मीही तुझ्याकडे बघते.

क्लास सोडला. केकवाल्या बाईंनी निरोपाला एक केक आणला होता. फोटोतल्यापेक्षा बुटका होता, भेगेसकट.

ताई, ये. तुझा राग मनात ठेवून ये, मला चालेल. बाबांविषयी बोलायचं नसेल तर नको बोलूस. फार वेळही थांबू नकोस. तिच्यासमोर बस, तिचा हात गालावर ठेवू दे, आणि एवढंच तिला सांग की मी कोण आहे.

तुझं ती ऐकते.

तुझी धाकटी